स्क्रीनखालचं लाल बटण

त्या शनिवारी स्क्रूने जेवढा मार खाल्ला, तेवढा त्याला शाळेतल्या सगळ्या मास्तरांनी मिळूनही दिला नसेल. त्यातला बहुतेक त्याने नाइलाजाने खाल्ला. शेवटचा तडाखा मात्र त्याने आपणहून गाल पुढे करून घेतला.

पहिला बसला सकाळी सव्वादहाला, पत्र्याची कपाटं बनवणाऱ्या कारखान्यात. मालक आणि फोरमन त्याला दारातूनच जवळजवळ ओढत प्रेसपाशी घेऊन गेले. पत्रा कापणारी ती मोठी प्रेस बंद होती. तिच्या तोंडाशी रॉकेलने पुसल्याचा वास येत होता, आणि फरशीच्या फटींमधून काळपट लाल काहीतरी अजून निघालं नव्हतं. स्क्रूने तिकडे बघायचं टाळलं. दोनच दिवसांपूर्वी, गुरुवारी, या प्रेसने त्याच्या मेहुण्याचा उजवा हात मनगटापासून तोडला होता.

स्क्रू हा कॉम्प्युटर दुरुस्त करणारा. अंगाने काडी, आणि काम करताना ओठांत कायम एखादा स्क्रू धरलेला, म्हणून सगळे त्याला तेच म्हणायचे. बायकोसुद्धा, चिडली की. प्रेसशेजारच्या स्टँडवर प्रेस चालवणारा कॉम्प्युटर होता. मालकाने मॉनिटरचं बटण दाबलं, स्क्रूने एक नजर टाकली आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "गुरुवारी पण स्क्रीन अशीच होती?"

"तुला काय करायचंय? नीट कर," फोरमन म्हणाला.

"म्हणजे तो खरं बोलत होता."

तेवढ्यावर थोबाडीत बसली. फोरमन जुना पैलवान, हाताला वजनाचा तोटा नव्हता. चष्मा उडून पत्र्याच्या ढिगावर पडला आणि त्याची डावी काच तडकली. स्क्रूने तो चाचपडत उचलला, पुसला, परत घातला. रडू येत होतं ते माराने नव्हे.

प्रेसच्या प्रोग्रामला स्क्रीन मोठ्या रिझोल्यूशनची लागते. त्याच्या सगळ्यात खालच्या पट्टीत तीन बटणं असतात: सुरू, हळू, आणि उजव्या टोकाला लाल, थांबवा. मशीन सुरू करायला कीबोर्डवरची कळही चालते, थांबवायला मात्र हे लाल बटणच. रिझोल्यूशन कमी झालं की चित्र स्क्रीनमध्ये मावत नाही. अक्षरं भली मोठी होतात आणि खालची पट्टी कापली जाते. स्क्रूच्या समोर नेमकं तेच होतं. पत्र्यांचे आकडे अंगठ्याएवढे, आणि त्यांच्या खाली मॉनिटरची काळी कड. बटण एकही नाही.

गुरुवारी मेहुण्याचा हातमोजा पत्रा ओढणाऱ्या चिमट्यात अडकला. तो चिमटा हळू ओढतो. पात्यापर्यंत न्यायला त्याला सहा-सात सेकंद लागतात. ते सहा-सात सेकंद तो माणूस डाव्या हाताने माउस फिरवत लाल बटण शोधत होता. फोरमन दाराजवळच्या मेन स्विचकडे धावला, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं. प्रेसच्या अंगावर हाताने दाबायचंही एक बटण होतं, पण ते सारखं काम थांबवतं म्हणून मालकाने त्याच्या वायरी वर्षभरापूर्वीच काढून टाकल्या होत्या. आज तिथे नवीकोरी चिकटपट्टी चमकत होती. वायरी सकाळीच जोडल्या होत्या.

शुद्धीवर आल्यापासून मेहुणा एकच वाक्य बोलत होता. "भाऊजी, बटण नव्हतं. मी शोधलं. नव्हतंच." मालक सगळीकडे सांगत सुटला होता की गडी पिऊन आला होता. डॉक्टर म्हणाले, धक्का बसला की माणसाला असं वाटतं. आणि हा आपला शहाणा स्क्रू? हा त्याच्या उशाशी उभा राहून म्हणाला होता, "बटण होतं रे. सोमवारी तो मॉनिटर मीच बसवला, ड्रायव्हर मीच टाकला. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय." त्यावर मेहुण्याने भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. काल संध्याकाळी त्याने आपल्या बहिणीला, म्हणजे स्क्रूच्या बायकोला विचारलं, "ताई, मला वेड लागलंय का गं?" तिने नवऱ्याकडे पाहिलं, आणि नवऱ्याने खिडकीबाहेर.

आणि आता हे समोर. बटण नव्हतंच. हात गेला होता तो परत येणार नव्हता, पण त्या माणसाला निदान एवढं तरी मिळायला हवं होतं की तो वेडा नाही. अकरा वाजता सरकारच्या तपासणी अधिकारी बाई येणार होत्या. त्यांनी कागदावर लिहिलं की बटण होतं आणि कामगाराने दाबलं नाही, की झालं. मग जन्मभर तो पिऊन स्वतःचा हात घालवणारा माणूस, जगाच्या लेखी आणि स्वतःच्याही.

"मी याला हात लावणार नाही," स्क्रू म्हणाला. "बाईंना आहे तसं बघू दे."

मालक आवाज चढवणारा माणूस नव्हता. त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि स्क्रूच्या नाकापुढे धरला. सोमवारच्या कामाची पावती. मॉनिटर बसवला, ड्रायव्हर टाकला, स्क्रीन ठीक. खाली स्क्रूची सही.

"तू काहीही बोललास तरी ही सही कुणाची, असं बाई विचारणार," मालक म्हणाला. "गुरुवारी मला फोन करून बटण होतं असं कोण म्हणालं? तूच ना? मग आज कसलं भूत शिरलंय अंगात? बस, आणि काम कर."

"नाही करणार."

मालकाने फोरमनकडे पाहिलं. "डावा," तो म्हणाला. "उजव्याने माउस धरायचाय त्याला."

फोरमनने त्याचं डावं मनगट पकडलं, हत्यारांच्या लोखंडी कपाटाचा खण उघडला, बोटं काठावर ठेवली आणि गुडघ्याने खण आत लोटला. स्क्रू ओरडला तेव्हा बाहेरच्या शेडमधले हातोडे क्षणभर थांबले. मग पुन्हा सुरू झाले. कुणी आत आलं नाही. खण दुसऱ्यांदा लोटला तेव्हा करंगळीतून कट्कन आवाज आला.

"करतो," तो म्हणाला. "सोडा. करतो."

शूर माणसं वेगळी असतात. स्क्रू त्यांच्यातला नव्हता, आणि त्याने कधी तसा आव आणलाही नव्हता. डावा हात काखेत दाबून तो स्टुलावर बसला. एक काच तडकलेली, डोळ्यांत पाणी, पण अक्षरं एवढी ढोबळ की आंधळ्यालाही वाचता यावीत. त्याने मशीनचा प्रोग्राम खाली घेतला आणि आधी ड्रायव्हर बघितला. मॉनिटर बदलला आणि कॉम्प्युटरला चित्र नीट दाखवायला शिकवणारा ड्रायव्हर बसला नाही, की हा असा गोंधळ होतो. शंभरातल्या नव्वद वेळा दोष तिथेच असतो.

ड्रायव्हर जागेवर होता. तारीख सोमवारची. म्हणजे त्यानेच टाकलेला, एकदम व्यवस्थित.

त्याने रिझोल्यूशनची यादी उघडली. हवं ते त्यात होतं. नुसतं निवडलेलं नव्हतं. सोमवारी आपण निवडलं होतं, पुढे वाढलेलं चित्र पाहिलं होतं, लाल बटण पाहिलं होतं, ही गोष्ट त्याला लख्ख आठवत होती. मग बदललं कुणी? या फोरमनने? पण या रेड्याला माउस कुठून धरतात ते माहीत नाही, तो रिझोल्यूशन काय बदलणार.

त्याने योग्य ते निवडलं. स्क्रीन काळी झाली, परत उजळली. अक्षरं लहान, रेखीव.

"मशीनचं दाखव आधी," फोरमन मागून खेकसला.

स्क्रूने लगेच प्रेसचा प्रोग्राम वर आणला. तो आला की पूर्ण स्क्रीन व्यापतो, दुसऱ्या कुठल्याही खिडकीला डोकं वर काढू देत नाही. खाली तिन्ही बटणं, उजवीकडे लाल. फोरमन हुश्श म्हणाला आणि मालकाला हाक मारायला वळला. स्क्रू सुजणाऱ्या बोटांकडे बघत बसला. एवढ्यात स्क्रीन पुन्हा काळी झाली. उजळली तेव्हा आकडे अंगठ्याएवढे, आणि खालची पट्टी गायब.

स्क्रूने माउसवरचा हात काढून घेतला.

कारण त्याला आता कळलं होतं. रिझोल्यूशन बदललं की कॉम्प्युटर एक छोटी चौकट पुढे करतो आणि विचारतो, हे असंच ठेवू का? पंधरा सेकंद वाट बघतो. कुणी हो म्हटलं नाही, तर त्याला वाटतं की समोरच्या माणसाला काही दिसतच नसेल, आणि तो मुकाट्याने सगळं पूर्वीसारखं करून टाकतो. ती चौकट प्रेसच्या प्रोग्रामखाली झाकली गेली होती. आता, आणि सोमवारीसुद्धा.

सोमवारी त्याला दुसरीकडे जायची घाई होती. रिझोल्यूशन निवडलं, लगेच प्रोग्राम वर आणून बघितलं, बटणं दिसली, पावतीवर सही ठोकली आणि पिशवी उचलली. तो फाटकाशी पोहोचला नसेल, तोवर मागे पंधरा सेकंद संपले होते. वीस वर्षं हे काम करणाऱ्या माणसाने हो म्हणायचं बटण दाबलं नव्हतं. नवशिका असता तर त्याने पाच मिनिटं बसून नीट बघितलं असतं.

बुधवारी मेहुण्याने फोनही केला होता. "भाऊजी, स्क्रीन खालून कापलेली दिसते हो. फोरमनला सांगितलं तर म्हणतो पत्रे मोज. तुम्ही येऊन जाता का?" स्क्रू दुसरीकडे टेबलाखाली शिरला होता, ओठांत स्क्रू होता. तो म्हणाला होता, "मी करून दिलंय ना? तुझ्याच डोळ्यांचं रिझोल्यूशन कमी झालंय. एकदा बंद करून चालू कर." मेहुणा हसला होता. "बरं, बरं," म्हणाला होता.

फोरमनचा ठोसा पाठीत बसला आणि स्क्रूची छाती स्टँडच्या कडेवर आदळली. "नाटकं करतोस? परत घालवलंस?"

"ड्रायव्हर," स्क्रू कसाबसा म्हणाला. "ड्रायव्हर बिघडलाय."

"आता हा ड्रायव्हर कोण आणखी?"

"चित्र दाखवणारा असतो तो. नवा टाकावा लागेल. अर्धा तास द्या."

फोरमनने त्याचे केस धरून तोंड स्क्रीनवर दोनदा आपटलं, नवा ड्रायव्हर लवकर बसावा म्हणून असेल. नाकातून रक्त आलं आणि पत्र्यांच्या आकड्यांवर सांडलं. स्क्रूने बाहीने आधी स्क्रीन पुसली, मग नाक. सवय.

अर्धा तास त्याने काय केलं? काही नाही. एक फोल्डर उघडला, बंद केला. जुना ड्रायव्हर काढल्यासारखं केलं, पुन्हा टाकल्यासारखं केलं. स्क्रीनवर एक पट्टी सावकाश भरताना दिसली की फोरमन गप्प बसायचा. ती भरताना स्क्रू विचार करत होता. आता एकदा नीट निवडून हो म्हटलं की संपलं. मालक खूश, पावती खरी, त्याच्यावर कसलाही ठपका नाही. त्याची चूक त्याच्याशिवाय जगात कुणालाच कळणार नव्हती. नाही म्हटलं, तर उरलेली नऊ बोटं खणात जातील आणि फोरमन दुसरा कुणी बोलावेल. तोंडाने सांगितलं, तर त्याची स्वतःचीच सही त्याला खोटं पाडेल.

नुसतं सांगून भागणार नव्हतं. बाईंनी ते बघायला हवं होतं.

अकराला पाच कमी असताना बाहेर गाडी थांबली. मालक दारातून डोकावला. "झालं?"

"झालं. आणा त्यांना," स्क्रू म्हणाला.

"तोंड धू आधी. आणि जिन्यावरून पडलास, कळलं?"

"कळलं."

त्याने तोंड धुतलं नाही. रिझोल्यूशनची यादी उघडून योग्य ओळीवर माउस ठेवला आणि थांबला. फोरमन बाईंसाठी खुर्ची पुसण्यात गुंतला होता. शेडमधून बाईंच्या बुटांचा आवाज जवळ आला, मालकाचा गोड आवाज त्याच्या पुढे आला. बाईंनी उंबरठ्याच्या आत पाऊल टाकलं तेव्हा स्क्रूने माउस दाबला. स्क्रीन काळी, स्क्रीन उजेड. त्याने ताबडतोब प्रोग्राम वर आणला आणि हात मांडीवर घेतला.

अधिकारी बाई पन्नाशीच्या, हातात फाईल. त्यांनी आधी स्क्रूच्या तोंडाकडे पाहिलं. "यांना काय झालं?"

"जिन्यावरून पडला, मॅडम. आमचा कॉम्प्युटरवाला," मालक म्हणाला. "तुम्ही हे बघा. हे थांबवायचं बटण. एवढं मोठं, लालभडक. पहिल्या दिवसापासून इथेच आहे. आता प्यालेल्या माणसाला ते दिसत नसेल तर आम्ही तरी काय करणार?"

सात. आठ. स्क्रू मनात मोजत होता. बाई वाकून स्क्रीनकडे बघायला लागल्या. त्यांनी फाईल उघडली, पेनाचं टोपण काढलं. अकरा, बारा. त्यांनी लिहायला सुरुवात केली तर? केली तरी आता उपाय नव्हता. चौदा.

स्क्रीन काळी झाली.

उजळली तेव्हा बाईंच्या नाकासमोर पत्र्यांचे भले मोठे आकडे होते, आणि जिथे मालकाचं बोट टेकलेलं होतं तिथे मॉनिटरची कड.

मालकाने बोट मागे घेतलं. तो काहीतरी बोलून सावरून नेणार होता, त्याच्यात तेवढी हुशारी होती. पण फोरमनकडे हुशारी नव्हती, हात होता. त्या हाताला सकाळपासून लागलेली सवय एकदम कशी सुटणार? त्याने स्क्रूच्या कानशिलात अशी ठेवून दिली की स्क्रू स्टुलासकट खाली गेला. "हरामखोरा, मॅडम यायच्या आत बटण आण म्हणून सांगितलं होतं ना तुला? परत गुरुवारसारखं करून ठेवलंस?"

मग त्याचं बोलणं त्याच्याच कानांवर पडलं.

बाईंनी पेनाचं टोपण परत लावलं नाही. "गुरुवारसारखं म्हणजे कसं?" त्यांनी फोरमनलाच विचारलं. फोरमनने मालकाकडे पाहिलं. मालक पत्र्याच्या ढिगाकडे बघत होता.

स्क्रू फरशीवरूनच बोलला. तोंडात रक्त होतं म्हणून शब्द जाड येत होते. "बटण नव्हतं, मॅडम. सोमवारपासून नव्हतं. मी बसवून गेलो तेव्हा पंधरा सेकंद होतं, मग गेलं. हो म्हणायचं असतं, ते मी म्हटलं नाही. चूक माझी आहे. पावतीवर सही पण माझी आहे, ती खोटी आहे. पण या दोघांनी तीन दिवस बटणाशिवाय मशीन चालवली. ते चिकटपट्टीचं बटण आज सकाळी जोडलंय. हे सगळं लिहा. माझं आधी लिहा."

"परत करून दाखवा," बाई म्हणाल्या.

त्याने उठून परत करून दाखवलं. बाईंनी मनगटावरच्या घड्याळात बघत ओठांतल्या ओठांत मोजलं. पंधराला बटण गेलं. त्यांनी पुन्हा एकदा करायला सांगितलं, पुन्हा मोजलं, आणि मग खुर्ची ओढून घेऊन लिहायला बसल्या. तीन पानं लिहिली. मग फोन करून पोलिसांना बोलावलं, ते आल्याशिवाय कुणालाही दाराबाहेर जाऊ दिलं नाही. स्क्रूला तिन्ही पानं वाचून दाखवली. आपल्या नावाचा ठपका होता तिथे त्याने न सांगता सही केली.

दुपारी तो दवाखान्यात पोहोचला. करंगळीला कुणीतरी पट्टी बांधली होती, नाक बटाट्याएवढं झालं होतं. बायको मेहुण्याच्या कॉटशेजारी बसली होती. नवऱ्याला बघून ती अर्धवट उठली. त्याने तिला हातानेच थांबवलं.

मेहुणा भिंतीकडे तोंड करून पडला होता. उजव्या मनगटाशी पांढरा गोळा.

"ऐक," स्क्रू म्हणाला. "बटण नव्हतं."

मेहुणा हलला नाही.

"तू बरोबर होतास. सहा सेकंद होते आणि तू नीट शोधलंस. ते नव्हतंच तिथे. सरकारी बाईंनी लिहून घेतलंय. तू वेडाबिडा नाहीस."

मेहुण्याने सावकाश मान वळवली. आधी त्याने बहिणीकडे पाहिलं, तिने मान हलवली. मग त्याच्या डोळ्यांतून पाणी कानात वाहायला लागलं. बराच वेळ तो नुसता रडत होता. मग त्याला स्क्रूचा चेहरा नीट दिसला असावा.

"तुम्हाला कुणी मारलं, भाऊजी?"

"ते सोड. अजून एक सांगायचंय. ते नव्हतं ते माझ्यामुळे. सोमवारी मी शेवटचं बटण न दाबता निघून गेलो. बुधवारी तू फोन केलास आणि मी तुझी थट्टा केली. आणि परवा इथे उभं राहून तुलाच खोटं पाडलं."

बायकोने तोंडावर पदर घेतला. मेहुण्याच्या चेहऱ्यावरून काय काय गेलं ते सांगणं कठीण आहे. मग तो डाव्या कोपरावर जोर देऊन उठून बसला. बहीण आधार द्यायला पुढे झाली तर त्याने तिला बाजूला केलं. त्याने हात उगारला. आधी उजवा खांदा हलला, पांढरा गोळा हवेत थोडा वर आला आणि तसाच थांबला. ते लक्षात आल्यावर त्याने तो खाली घेतला आणि डावा उगारला.

डाव्या हाताने त्याने कधी कुणाला मारलं नव्हतं. नेम चुकला. तडाखा गालावर न बसता नुसता चष्म्याला घासून गेला. मेहुणा आपल्या डाव्या पंजाकडे बघत राहिला.

स्क्रूने चष्मा काढला, बायकोच्या हातात दिला आणि तो कॉटच्या कडेला टेकून तोंड अगदी जवळ घेऊन बसला.

"हं," तो म्हणाला. "आता मार."